नाताळचं माप

बावीस डिसेंबरला डबा उपडा केला :
सहाशे चाळीस रुपये.
त्यातले दोनशे विजेच्या बिलाचे,
म्हणजे आपले नव्हेतच.
मेकोसाबागेत दारोदारी चांदण्या लागलेल्या,
आणि मी मशीनपुढं बसून
गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या चिंध्या निवडतेय.

चिंध्या म्हणू नये खरं तर.
हे डोंगऱ्यांच्या वीणाच्या साखरपुड्याचं मोरपंखी,
हे पाळकसाहेबांच्या सदऱ्याचं पांढरं,
ही कोणाच्यातरी पहिल्या पगाराची जर, बोटभर.
(विचारूनच ठेवते मी. बहुतेकदा.)

कळमन्यात सांजच्याला डागी संत्री स्वस्त लागतात.
अर्धं पोतं आणलं, रात्री दोनपर्यंत मुरंबा ढवळला,
घराला, केसांना, उशीला संत्र्याचा कडूगोड वास.
हॉर्लिक्सच्या जुन्या बरण्या, त्यांच्या झाकणांवर कापडाच्या टोप्या.
अ‍ॅग्नेसबाईंच्या बरणीला त्यांच्याच पडद्याची टोपी :
शाळा सुटल्यापासून ज्या खिडकीत त्या बसतात,
त्या खिडकीच्या पडद्याची.

धाकटा दीर सुदीन बुटीबोरीला रात्रपाळीला जातो,
वर्धा रोडवर थंडी कान कापून नेते म्हणतो.
जुना मफलर उसवून त्याला कानटोपी केली.
आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असं,
लाल दोऱ्यानं दोनच शब्द : गाडी हळू.

रत्नमालासाठी मात्र तीन रात्री गेल्या.
इंदोऱ्याहून येते ती, पेपरांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन,
नवरा गेल्यापासून तिनंच लाइन चालवली.
माझ्या वहीत तिचं माप आहे :
छाती चौतीस, बाही नऊ,
आणि कडेला पेन्सिलीनं, तिला न दाखवलेलं,
डावा खांदा पाऊण इंच खाली.
विकतचं ब्लाउज घसरतं तिचं, ती सारखं सावरते,
आणि दोष कापडाला देते.
मी डावी बाजू पाऊण इंच उचलली.
बास. एवढीच भेट.
तिनं घातलं, आरशात पाहिलं,
म्हणाली, "बापा, हे तं अंगावर बसलंच!"
मी म्हटलं, कापड चांगलं आहे.

चोवीसच्या रात्री ढोलकी घेऊन गाणारी पोरं येऊन गेली,
करंज्यांचं ताट रिकामं करून गेली.
मी कुठं लवंडले ते कळलं नाही.

सकाळी वही उघडली तर शेवटच्या पानावर
ओबेदच्या अक्षरात माझं नाव.
वीस वर्षांच्या वहीत पहिल्यांदा.
ना छाती, ना कंबर.
लिहिलेलं असं :
गुडघा ते पायडल — एक सुतळी आणि चार बोटं.
पाठ वाकते — खूप.

"काहून रे, हे कधी घेतलंस?"
"तू झोपली होती तं."
पोट्ट्यानं संत्र्याच्या पेटीच्या फळ्या ठोकून
माझं स्टूल दोन इंच उंच केलेलं,
वर गोणपाटाची गादी, त्यावर तीच मोरपंखी चिंधी,
जी मी दोन दिवस शोधत होते.
चार खिळे वाकडे. एक अजून बाहेर.

बसले. खांदे आपोआप खाली आले,
मानेतलं काहीतरी सुटलं
आणि चहा होईपर्यंत मी तशीच बसून राहिले.

स्टूल डगडगतं. एक पाय आखूड कापला गेलाय.
त्यानं हातोडी मागितली, मी दिली नाही.
सुदीनचं भेटकार्ड आलं होतं, चमकीचं, दुकानातलं.
चार घड्या घालून
ते पायाखाली सरकवलं.